खानदेशातल्या विद्यापीठात संशोधन म्हणजे नुसती केळी आणि कापूस का? जरा सविस्तर सांगतो

चोपड्याच्या एका भाऊंनी विचारलंय, एम.एस्सी. झालंय, पेट, म्हणजे पीएचडीची प्रवेश परीक्षा, द्यायचा विचार आहे, पण घरचे नि मित्र सगळे म्हणतात जळगावच्या विद्यापीठात पीएचडी करून काय मिळणार, पुणे-मुंबई बघ, इथं केळी, कापूस आणि बहिणाबाई एवढ्यावरच प्रबंध निघतात. तर लहान विद्यापीठात खरंच किती प्रकारचं संशोधन होतं आणि त्याला बाहेर काही किंमत असते का, असा त्यांचा प्रश्न.

भाऊ, मी ग्रंथालयातला माणूस. विद्यापीठाला संलग्न असलेल्या एका कॉलेजात बरीच वर्षं संशोधन केंद्राचं ग्रंथालय सांभाळतोय. रसायनवाला, अहिराणीवाला, कॉमर्सवाला, जीवशास्त्रवाला सगळे शेवटी माझ्याच टेबलाशी येतात, कुणाला जुना संदर्भ हवा असतो, कुणाला मजकूर उचललेला नाही ना, या साम्य तपासणीचा रिपोर्ट, कुणाला प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे देशभरातल्या प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यावर, कसा चढतो ते विचारायचं असतं. गाइडला त्याचा एक विषय दिसतो, मला सगळ्यांचे दिसतात, म्हणून म्हटलं आपण उत्तर द्यावं.

आधी विद्यापीठाचा आवाका लक्षात घ्या. १५ ऑगस्ट १९९० ला पुणे विद्यापीठातून वेगळं होऊन उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ सुरू झालं, पहिले कुलगुरू डॉ. एन. के. ठाकरे, ते स्वतः गणिताचे संशोधक. २०१८ पासून नाव कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. जळगाव, धुळे, नंदुरबार हे तीन जिल्हे, बस्स, एवढंच कार्यक्षेत्र. पण या तीन जिल्ह्यांत तापी आहे, सातपुडा आहे, सुपीक गाळाची जमीन आहे, कोरडवाहू पट्टा आहे, भिल्ल-पावरा-मावची-तडवी वस्ती आहे, गुजरात आणि मध्य प्रदेशची सीमा आहे. नकाशावर लहान दिसणाऱ्या या तुकड्यात अभ्यासाला जेवढं पडलंय तेवढं मोठमोठ्या विद्यापीठांच्या वाट्याला येत नाही, हे मी प्रेमापोटी बोलत नाहीये, पुढं एकेक सांगतो.

दुसरं असं की संशोधन म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढं जळगावचा कॅम्पस येतो, बांभोरीजवळचा. तिथल्या प्रशाळा आहेतच, रसायन, भौतिक, जीवशास्त्र, गणित, संगणक, पर्यावरण आणि भूशास्त्र, समाजशास्त्रं, शिवाय केमिकल टेक्नॉलॉजीची संस्था आहे. पण खरं वैविध्य येतं ते गावोगावच्या कॉलेजांतून. अमळनेर, शिरपूर, शहादा, चाळीसगाव, फैजपूर, धुळे, नंदुरबार इथले प्राध्यापक, त्यातले कितीतरी अजून तासिका तत्त्वावर राबणारे, सकाळी लेक्चर, दुपारी दुसऱ्या कॉलेजात लेक्चर आणि रविवारी फील्डवर्क. ही माणसं ज्या गावात राहतात तिथलाच प्रश्न घेऊन येतात, म्हणून विषय असे चहूकडं फाकतात. कुठल्या कमिटीनं बसून ठरवलेलं हे वैविध्य नाही.

आणि इथं संशोधन १९९० ला सुरू झालं असं कुणी समजू नका. चाळीसगावजवळ पाटण आहे ना, पाटणादेवीचं, तिथं शके ११२८ चा म्हणजे १२०६-०७ च्या सुमाराचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी, त्यानं आजोबांच्या ग्रंथांचा अभ्यास चालावा म्हणून तिथं मठ काढला आणि त्या मठाला तिथल्या निकुंभ घराण्यातल्या सरदारांनी उत्पन्न काय लावून दिलं तर बाजारात येणाऱ्या मालावरचा कर, आणि जेवढे तेलाचे घाणे चालतील तेवढ्यांमागं पळी पळी तेल. मजकुराचा तो भाग जुन्या मराठीत आहे. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी खानदेशातल्या एका गावच्या बाजारपेठेनं गणिताच्या संशोधनाचा खर्च उचलला होता. मला हे जेव्हा जेव्हा नवीन मुलांना सांगायची वेळ येते तेव्हा अंगावर काटा येतो, कारण आज त्याच तालुक्यातला पोरगा फेलोशिपच्या हप्त्याची वाट बघत असतो.

अलीकडचं घ्या. अमळनेरला १९१६ मध्ये श्रीमंत प्रताप शेठजींनी तत्त्वज्ञान मंदिर काढलं, गिरणीमालकाच्या पैशावर देशभरातून तरुण फेलो येऊन राहायचे, कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा मोठा तत्त्वज्ञ तिथं संचालक होता, मलकानी नावाचे अभ्यासक तर तिथलेच होऊन राहिले, इंग्रजी त्रैमासिक निघायचं. साने गुरुजीही आधी तिथंच अभ्यासाला आले आणि मग प्रताप हायस्कूलला शिक्षक झाले. धुळ्याला इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या शेवटी वारले आणि त्यांच्या पाठीमागं लगेच राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं, त्यांनी गावोगाव फिरून जमवलेली कागदपत्रं तिथं आहेत, ‘संशोधक’ नावाचं त्रैमासिकही मंडळानं चालवलं. धुळ्यातच समर्थ वाग्देवता मंदिरात समर्थ संप्रदायाच्या हस्तलिखितांचा साठा आहे, शंकर श्रीकृष्ण देवांनी जन्मभर फिरून जमवलेला. इतिहास किंवा मराठी घेऊन पीएचडी करणाऱ्याला पुण्याला जायच्या आधी धुळ्याची एसटी पकडायला मी सांगतो. मोडी वाचता आली पाहिजे मात्र. मोडी न शिकता अठराव्या शतकावर काम करायला निघालेली मुलं बघितली की वाईट वाटतं, चार-सहा महिने नेटानं बसलं तर येते ती.

आता भाषेचं. इथं मला सगळ्यात जास्त बोलावंसं वाटतं, कारण लोक ज्याला ‘फक्त बहिणाबाई’ म्हणून बाजूला टाकतात तिथंच खरा खजिना आहे. इंग्रजांच्या काळातल्या ग्रियर्सनच्या भाषा सर्वेक्षणात खानदेशी, म्हणजे अहिराणी, मराठीच्या खंडात नाहीच, ती भिल्ली भाषांबरोबर नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात आहे, १९०७ साली छापलेल्या. बरोबर की चूक हा वाद अजून मिटलेला नाही. मी करस, तू करस, तो करस, तिन्ही पुरुषांना एकच रूप, हे मराठीचं व्याकरण नव्हे, मग याचं नातं गुजरातीशी किती, भिल्लीशी किती, राजस्थानीशी किती? आणि अहिराणी एकच थोडीच आहे, बागलाणी वेगळी, नंदुरबारकडची वेगळी, जामनेर-भुसावळकडं तावडी, अजिंठ्याच्या डोंगराकडं घाटोळी, शिवाय रावेर-यावलची लेवा गणबोली, गुजरांची गुजरी, आणि सातपुड्यात शिरलात की पावरी, मावची, देहवाली, तडवी. जनगणनेत खानदेशी मातृभाषा सांगणारे २००१ मध्ये सुमारे २० लाख ७५ हजार होते, २०११ मध्ये सुमारे १८ लाख ६० हजार. लोकसंख्या वाढली आणि हा आकडा कमी झाला. आता हे बोलणारे कमी झाले म्हणून, की पोरांच्या शाळेच्या काळजीनं लोक ‘मराठी’ लिहून मोकळे झाले म्हणून? हा प्रश्न दिल्लीत बसून सुटत नाही, त्याला पारोळा-साक्री-सटाण्याकडं घरोघर जाऊन आजी-सून-नात अशा तीन पिढ्यांशी बोलावं लागतं, आणि आजी तुमच्याशी अहिराणीत तेव्हाच बोलते जेव्हा तुम्ही तिला ‘आजी, कशी शे?’ म्हणता. प्रमाण मराठीत प्रश्न विचारला की तीही तुटक प्रमाण मराठीत उत्तर देते, आणि तुमचा डेटा तिथंच बिघडला.

बोलींवरचे प्रबंध मी बरेच हाताळलेत. त्यातले चांगले कोणते तर ज्यांनी मूळ रेकॉर्डिंग ठेवलंय, कुणी म्हटलं, कुठल्या गावची, कधी, हे नोंदवलंय, आखाजीची गाणी, कानबाईची गाणी, वहीगायन जसंच्या तसं उतरवलंय. कच्चे कोणते तर ज्यात गाण्यांना प्रमाण मराठीचा हात फिरवून ‘शुद्ध’ केलंय. असं करू नका हो. तुमचं विश्लेषण वीस वर्षांनी जुनं होईल, पण ती ओवी म्हणणारी बाई तेव्हा नसेल आणि तुमची नोंद एवढीच शिल्लक राहील.

केळी-कापसावर संशोधन होतं, हो, खूप होतं. पण त्यातही एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. केळीचं शेतीशास्त्र म्हणजे वाण, खत, लागवडीचं अंतर हे काम आपल्या विद्यापीठाचं नाहीच, जळगावचं केळी संशोधन केंद्र राहुरीच्या कृषी विद्यापीठाखाली येतं आणि देशाचं केळी संशोधन केंद्र तमिळनाडूत तिरुचिरापल्लीला आहे. मग आपल्याकडं केळीवर काय होतं? जीवशास्त्रवाला मातीतले जिवाणू घेतो, लोह पकडून ठेवणारी सिडेरोफोर सारखी द्रव्यं तयार करणारे, जी रोगाच्या बुरशीला उपाशी मारतात, या कामात जळगावनं खरोखर नाव कमावलंय. रसायनवाला आणि केमिकल टेक्नॉलॉजीवाला घड काढल्यावर उरणाऱ्या खोडाचा धागा, सेल्युलोज, पाण्यातला रंग शोषून घेणारा कोळसा करून बघतो. कॉमर्सवाला रावेरचा भाव कोण ठरवतं ते बघतो, भूगोलवाला ठिबक आल्यावर पाणी वाचलं की बागच वाढली ते बघतो. आणि हरण्या रोग, म्हणजे कुकुंबर मोझॅक व्हायरस, मावा त्याला इकडून तिकडं नेतो आणि बांधावरच्या तणात, काकडीवर्गीय वेलींत तो दबा धरून बसतो, यावर वनस्पतीशास्त्रवाला आणि कीटकवाला दोघांनी मिळून काम केलं तर शेतकऱ्याला ताबडतोब उपयोग. एकाच पिकावर पाच खात्यांचे पाच प्रबंध, आणि कुणी म्हणतं सगळे केळीवरच! दुःख एवढंच की हे पाच जण एकमेकांना ओळखत नाहीत. मला कितीदा वाटतं यांना एका टेबलाभोवती बसवावं.

पाण्याचंही तसंच. चोपडा-यावल-रावेरला तापीचा जाड गाळ आहे, सातपुड्याच्या पायथ्याशी गोटे-वाळूचा बझाडा पट्टा आहे जिथून पाणी खाली मुरतं, आणि तापीच्या दक्षिणेला गेलात की बराचसा काळा पाषाण, बेसाल्ट, तिथं पाणी भेगांतून चालतं. एकाच जिल्ह्यात तीन प्रकारचं भूजल. शिरपूरला सुरेश खानापूरकर या भूशास्त्रज्ञांनी नाले रुंद आणि खोल करून पाणी गाळातल्या चिकट थराच्या खाली पोचवलं, बंधाऱ्यांची साखळी केली, कोरड्या विहिरींत पाणी सोडलं, त्याला शिरपूर पॅटर्न म्हणतात आणि त्यावर वादही झाले, की हे सगळीकडं चालेल का, खडक वेगळा असला तर काय. हा वाद सोडवायचा तर वर्षानुवर्षं त्याच त्या विहिरींची पातळी मोजणारं कुणीतरी जवळ राहणारं पाहिजे. पांझरा काठची फड पद्धत घ्या, तीनेकशे वर्षांहून जुनी, गावाच्या ओलिताच्या जमिनीचे फड पाडायचे, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पाटकरी पाणी फिरवणार, जागल्या राखण करणार, पाणी कमी असलं तर कुठला फड पडीक ठेवायचा ते गाव ठरवणार. यात इतिहास आहे, अर्थशास्त्र आहे, सिव्हिल इंजिनियरिंग आहे आणि कायदाही आहे. उनपदेवचं गरम पाणी घ्या, एक अडावदजवळ, एक शहाद्याकडं, दोन्ही सातपुड्याच्या पायथ्याला, नर्मदा-तापीच्या भेगाळ पट्ट्यात. भूशास्त्रवाला पाण्याचं तापमान आणि क्षार मोजतो, सूक्ष्मजीववाला त्याच पाण्यातले उष्णता सोसणारे जिवाणू काढतो, एवढ्या गरमीतही काम करणारी विकरं, म्हणजे एन्झाइम, त्यांच्यात मिळतात आणि ती कारखान्यांना हवी असतात.

रानपिंगळ्याची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. हे छोटं घुबड १८८४ नंतर कुणाला दिसलं नव्हतं, संपलं असंच धरलेलं. मधे १९१४ चा एक नमुना होता गुजरातचा म्हणून, पण पामेला रासमुसेन या अमेरिकन संशोधिकेनं म्युझियममधले जुने नमुने बारकाईनं तपासले तेव्हा कळलं की तो नमुना चोरीचा आहे, एकोणिसाव्या शतकात डेव्हिडसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं खानदेशात गोळा केलेला पक्षी इंग्रज पक्षीसंग्राहक मायनर्ट्‌झहागेननं स्वतःच्या नावाची चिठ्ठी लावून ठेवला होता. खोटी जागा यादीतून काढली, खऱ्या जागी शोधायला आले आणि १९९७ च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळ पक्षी दिसला, ११३ वर्षांनी. नंतर यावल, तोरणमाळकडंही सापडला. आता बघा, शोध लावायला बाहेरून माणसं आली ते त्यांच्या चिकाटीचं श्रेय, पूर्ण श्रेय. पण हा पक्षी काय खातो, सागाच्या कुठल्या ढोलीत अंडी घालतो, अतिक्रमणानं जंगल विरळ झालं की काय करतो, हे पाहायला बारा महिने तिथंच राहावं लागतं, आणि ते काम शहादा-तळोद्याच्या पोराला जेवढं जमेल तेवढं कुणाला जमणार? जवळ राहणं हीच लहान विद्यापीठाची प्रयोगशाळा आहे असं मी मानतो.

पाटणादेवीच्याच परिसरात, चाळीसगावकडं, पाटणे गावी शहामृगाच्या अंड्याचं नक्षी कोरलेलं कवच सापडलंय, साधारण २५,००० वर्षांपूर्वीचं, एस. ए. साळी यांच्या उत्खननात. प्रकाशे इथं १९५४-५५ मध्ये उत्खनन झालं, बहाळला झालं, तापीकाठच्या सावळद्यावरून तर ताम्रपाषाण काळातल्या एका संस्कृतीला नावच पडलं. आणि तरी पुरातत्त्वावरचे प्रबंध आपल्याकडं फार थोडे. ही जागा रिकामी आहे, कुणाला पाऊल टाकायचं असेल तर.

आता तुम्ही एम.एस्सी.वाले म्हणून प्रयोगशाळेचं. इथं प्रामाणिकपणे सांगायला हवं की सगळंच संशोधन मातीशी जोडलेलं नसतं आणि असायलाही नको. गणितवाल्याला कागद-पेन्सिल आणि चांगली जर्नल मिळाली की जळगाव काय नि जर्मनी काय सारखंच. भौतिकशास्त्रात आपल्याकडं पातळ थरांचं, थिन फिल्मचं काम खूप झालं, रासायनिक द्रावणात काच बुडवून थर चढवायचा, केमिकल बाथ म्हणतात, कारण कोट्यवधीचं व्हॅक्यूम मशिन न लागता बीकर, हॉटप्लेट आणि शिस्त यावर ते जमतं. अमळनेरच्या प्रताप महाविद्यालयात धातूंच्या ऑक्साइडचे जाड थर छापून अमोनिया, हायड्रोजन सल्फाइड, एलपीजी ओळखणारे गॅस सेन्सर करून बघितले गेले आणि ते काम जगभरच्या जर्नलमध्ये गेलं, तालुक्याच्या गावातलं कॉलेज आहे ते. शिरपूरच्या फार्मसी कॉलेजचं नाव तर तुम्हाला माहीतच असेल. अडचण कुठं येते तर मोठ्या यंत्रांची. विद्यापीठात काही यंत्रं आहेत, पण रेणूची रचना दाखवणारं एनएमआर, अतिसूक्ष्म कण दाखवणारं टीईएम लागलं की सॅम्पल पॅक करून आयआयटी मुंबईच्या किंवा चंदीगडच्या पंजाब विद्यापीठाच्या सैफ, म्हणजे मोठ्या यंत्रांच्या सामायिक केंद्राकडं पाठवा आणि वाट बघा. एकदा सॅम्पल अशुद्ध गेलं की पुन्हा रांग. म्हणून आपल्या मुलांना एक सवय लागते, पाठवायच्या आधी इथंच टीएलसी, मेल्टिंग पॉइंट, आयआर सगळं घासून तपासायचं. ही सवय पुढं नोकरीत फार उपयोगी पडते हे इंडस्ट्रीत गेलेली मुलंच येऊन सांगतात.

कॉमर्स, मॅनेजमेंट, शिक्षणशास्त्र यांच्यात संख्या मोठी आणि खरं सांगायचं तर साचाही एकच. ‘अमुक जिल्ह्यातील तमुकचा चिकित्सक अभ्यास’, शंभर प्रश्नावल्या, टक्केवारीचे पाय चार्ट, आणि शेवटी शिफारशी ज्या आधीच माहीत होत्या. विषय वाईट नाहीत हो, जळगावची डाळ मिल, चटईचा उद्योग, सराफ बाजार, अडचणीत आलेल्या पतसंस्था, नंदुरबारच्या मिरचीच्या पथाऱ्या, यातल्या प्रत्येकात जीव आहे. पथारीवर दिवसभर मिरचीच्या खकाण्यात बसणाऱ्या बायांची मजुरी, खोकला, डोळ्यांची आग यावर नीट अभ्यास झाला तर तो कुठल्याही देशात वाचला जाईल. पण त्यासाठी प्रश्नावली टपालानं वाटून भागत नाही, पथारीवर हंगामभर जावं लागतं.

नंदुरबारबद्दल एक गंभीर गोष्ट. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार, कुपोषण, उसतोडीला आणि गुजरातला होणारं स्थलांतर, सरदार सरोवरात बुडालेल्या आपल्या ३३ गावांचं तळोदा-शहादा-अक्कलकुवा भागातलं पुनर्वसन, यावर इथं काम होतं आणि व्हायलाच पाहिजे. नंदुरबारला विद्यापीठाची आदिवासी अकादमीही आहे. पण धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर इतके अभ्यासक येऊन गेलेत की लोक थकलेत. येतात, रक्त घेतात, फोटो घेतात, सही-अंगठा घेतात आणि परत तोंड दाखवत नाहीत. सिकलसेलची साधी विद्राव्यता चाचणी केली तर पुढची इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीची खात्री करून त्या माणसाला त्याचा रिपोर्ट त्याच्या भाषेत सांगणं हे तुमचं काम आहे, वाहक म्हणजे आजारी नव्हे हेही समजावणं तुमचंच काम, नाहीतर त्या घरातल्या मुलीचं लग्न मोडायला तुमचा प्रबंध कारण होईल. नैतिक मान्यतेचा कागद फाइलला लावला म्हणजे हे झालं असं नाही. पावरा, भिल्ल समाजातली मुलंमुली आता स्वतः पीएचडीला येतायत, त्यांच्या प्रबंधांत हे भान दिसतं, आणि मला त्याचा फार आनंद आहे.

आता किंमत असते का, हा तुमचा दुसरा प्रश्न. सगळ्या प्रबंधांना नसते. पण ती पुण्यातही सगळ्यांना नसते. मला दिसतं ते असं की बाहेरून विचारणा कशाला येते, तर स्थानिक नोंद असलेल्या कामाला. कुणी दुसऱ्या राज्यातून विचारतं पावरी शब्दसंग्रहाचा प्रबंध मिळेल का, कुणी जुन्या विहिरींच्या पातळ्या मागतं. पाठ्यपुस्तकातल्या व्याख्यांनी भरलेलं दुसरं प्रकरण आजवर कुणी मागितलेलं नाही. आणि शोधगंगेमुळं, म्हणजे गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटच्या साठ्यामुळं, आपला प्रबंध आता कपाटात कुलूपबंद राहत नाही, जो चांगला आहे तो सापडतो, आणि जो उचललेला आहे तोही सापडतो. २०१८ च्या नियमानं १० टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं, पण मुलं सॉफ्टवेअरला चकवायला वाक्यं उलटीपालटी करत बसतात, त्याऐवजी ते पान पुस्तक मिटून स्वतःच्या शब्दांत लिहा ना, वेळ तेवढाच लागतो.

पेपरचं सांगतो, कारण इथं मुलांचे पैसे जातात. यूजीसीच्या २०२२ च्या नियमावलीनं प्रबंध देण्याआधी पेपर छापलाच पाहिजे ही देशपातळीवरची सक्ती काढली, तरी आपल्या विद्यापीठाची चालू अट काय आहे ती पीएचडी विभागात विचारूनच घ्या. केअर यादी, म्हणजे मान्य जर्नलांची यादी, यूजीसीनं २०२५ च्या फेब्रुवारीत बंद केली, आता जर्नल चांगलं की भुरटं हे तुम्हालाच ठरवायचंय. मेल करून ‘तीन दिवसांत छापतो, एवढी फी भरा’ म्हणणारं जर्नल घ्यायचं नाही, मग त्याच्या नावात इंटरनॅशनल असो की ग्लोबल. संपादक मंडळातले दोन जण खरंच त्या विद्यापीठात आहेत का बघा, गेल्या अंकातले चार पेपर वाचा, तुमच्या विषयातली माणसं ज्या जर्नलला संदर्भात घेतात तिथं पाठवा. उत्तर यायला सहा महिने लागतील, लागू द्या. त्या सहा महिन्यांत परीक्षकानं नाकारताना लिहिलेल्या दोन पानांतून जे शिकाल ते कुठल्या वर्कशॉपात मिळत नाही.

विषय ठरवताना मी मुलांना एकच विचारतो, हे काम तू चोपड्यात राहून जास्त चांगलं करू शकतोस की कमी? कमी असेल आणि यंत्र, टीम सगळं बाहेर असेल तर खुशाल बाहेर जा, नेट-जेआरएफ असेल तर तुम्हाला अडवणारं कोण, त्यात कमीपणा नाही. जास्त असेल तर इथंच करा आणि मान ताठ ठेवून करा. तुमचं विषयाचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही, पण समजा रसायन असेल तर सातपुड्यातल्या वनौषधींवर आधीच किती झालंय ते पाहा, पानाचा अर्क काढला आणि चार जिवाणूंवर टाकला या धर्तीचं काम भरपूर पडलंय, त्यात पाचवी वनस्पती घालू नका, त्यातलं एक द्रव्य शुद्ध करून त्याची रचना शेवटपर्यंत नेणारे कमी आहेत. वनस्पतीशास्त्र असेल तर गवतं, शेवाळं, दगडफूल यांच्याकडं कुणी वळत नाही. पर्यावरण असेल तर भुसावळजवळ दीपनगरच्या औष्णिक केंद्राची राख आजूबाजूच्या मातीत, पाण्यात काय करते याची सलग नोंद करता येईल.

गाइड निवडताना त्यांच्याकडं जागा आहे का हे आधी बघा, प्राध्यापकाला आठ, सहयोगीला सहा, सहायकाला चार एवढेच विद्यार्थी घेता येतात, आणि निवृत्तीला तीन वर्षांहून कमी राहिली असतील तर नवीन घेता येत नाही. त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांना जाऊन भेटा, सर किती दिवसांनी प्रकरण वाचून परत देतात हा प्रश्न त्यांना विचारा, बाकी काही विचारलं नाही तरी चालेल. फेलोशिपसाठी बार्टी, सारथी, महाज्योती, टीआरटीआय या सरकारी संस्थांच्या जाहिराती ज्याच्या त्याच्या प्रवर्गाप्रमाणं बघत राहा, नोंदणीचं पत्र हातात आल्याशिवाय बहुतेक ठिकाणी अर्ज पुढं सरकत नाही म्हणून कागदपत्रं आधी तयार ठेवा. कालावधी किमान तीन वर्षं, कमाल सहा, पुढं मुदतवाढ मिळते, पण नोकरी करून करणाऱ्यांचा वेळ फील्डवर्कपेक्षा लिहिण्यात जास्त जातो म्हणून पहिल्या दिवसापासून रोज अर्धं पान तरी लिहीत चला.

पेटची जाहिरात लागेपर्यंत वेळ आहे तर एक करा. शोधगंगेवर आपल्या विद्यापीठाच्या नावाखाली तुमच्या विषयाचे प्रबंध उघडा, त्यातले तीन पूर्ण वाचा, आणि प्रत्येकाच्या शेवटच्या प्रकरणात ‘पुढील संशोधनास वाव’ म्हणून जे लिहिलेलं असतं ते एका वहीत उतरवून घ्या. मग ती वही घेऊन कुठल्याही मान्यताप्राप्त केंद्राच्या ग्रंथालयात जा, तिथला ग्रंथपाल तुम्हाला बसवून घेईल आणि यातलं कुठलं काम खरंच झालेलं नाही ते शोधून देईल.